उन्हानं उडालेला रेक्झिनचा रंग: आधी घासा, मग फवारा

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठी आजचा भाग. ऐकायला वेळ नसेल तर वाचून घ्या, मुद्दे तेच आहेत.

आमच्या भंडाऱ्याच्या घरी २००८ची ओम्नी आहे. इंजिन ठणठणीत. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत दाखवून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवूनही घेतली. पण आतून अवस्था अशी की बाबा म्हणाले, विकून टाकू. एका व्यापाऱ्यानं फक्त दार उघडून आत डोकावलं आणि भाव निम्म्यावर आणला. राखाडी सीट पिवळट पडलेल्या, दाराची पॅडं पांढुरकी. इंजिनाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. मग मी ठरवलं की आधी हा रंग उडतो कसा ते समजून घ्यायचं, विकायचं की ठेवायचं ते नंतर.

आपण ज्याला रेक्झिन म्हणतो, ते बहुतेक वेळा कापडावर चढवलेलं पीव्हीसी असतं. म्हणजे विहिरीच्या पाइपाचंच भावंड. पाइप कडक आणि सीट मऊ का? कारण सीटच्या पीव्हीसीमध्ये प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. १९२६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांनी पीव्हीसी असं मऊ करून दाखवलं, आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला.

आता आपल्याकडचा मे महिना आठवा. बाहेर पारा ४५च्या आसपास, आणि काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी त्याहून कितीतरी जास्त तापते. त्या उष्णतेनं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर पडतो. काचेला आतून जो तेलकट धूसर थर बसतो, त्यात तोही असतो. शिवाय उन्हातले अतिनील किरण पीव्हीसीची साखळी तोडतात, त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि मागे पिवळसर-तपकिरी छटा राहते. मूळ रंगद्रव्यही विटतं. म्हणजे दोन वेगळे आजार आहेत: एक रंग उडणं, दुसरा कडक होणं. रंगानं पहिला बरा होतो, दुसरा होत नाही.

म्हणून आधी अंगठ्यानं दाबून बघा. रेक्झिन दबून परत वर आलं तर रंगवा. कडकड वाजलं, भेगा दिसल्या, तर रंगावर पैसे घालवू नका. सीट कव्हरवाल्याकडून नवं रेक्झिन चढवून घ्या. आमच्या ड्रायव्हर सीटचं तेच केलं.

दाराचा ऑइल पेंट इथे चालत नाही. तो वाळून कडक होतो आणि सीटवर बसलं की तडकतो. रेक्झिनसाठी वेगळा व्हिनाइल स्प्रे मिळतो. त्यातलं द्रावण वरचा थर किंचित मऊ करतं, त्यामुळे रंग घट्ट धरतो, आणि वाळल्यावरही लवचीक राहतो. डॅशबोर्डचं कडक प्लास्टिक वेगळं असतं. भाग काढून मागे बघा. ‘पीपी’ छापलं असेल तर आधी अ‍ॅढिजन प्रमोटर मारावा लागतो, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

आता खरी मेहनत. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, म्हणून कल्हईचं उदाहरण देतो. कल्हईवाला तापल्या भांड्याला नवसागर लावून आधी ते स्वच्छ करतो, तेव्हाच कथील धरतं. इथेही तसंच. वर्षानुवर्षं मारलेल्या डॅशबोर्ड पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं आणि त्यावर रंग डोळे पडल्यासारखा फाटतो. म्हणून भांड्यांचा साबण, कोमट पाणी आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन रेक्झिनच्या रेघारेघांतून घासा. पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. कापड पांढरंच राहीपर्यंत पुसत राहा. माझे दोन रविवार यात गेले. बाबा बघून म्हणाले, ‘‘पोट्ट्या, रंग मारून राहिला का भांडे घासून राहिला?’’

मग शक्य ते भाग काढून अंगणात घ्या, उरलेल्यांना मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र लावा. वीतभर अंतरावरून पातळ हात मारा, हात सतत हलता ठेवा. पहिल्या हातात जुना रंग दिसणारच, घाबरू नका. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं तीन-चार हात पुरतात. कॅनवर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा. आधी सीटखालच्या लपलेल्या जागी करून बघा. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. रंग पट्टीसोबत आला तर सफाई कमी पडली.

महिना बघून काम काढा. मे महिन्यात रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो, पावसाळ्यात ओलीमुळे पांढुरका पडतो. धानाच्या मळणीत भुशाची धूळ उडते. जानेवारी-फेब्रुवारीची कोरडी, वारा नसलेली सकाळ सगळ्यात बरी.

तीन गोष्टींना हात लावू नका: सीटबेल्टचा पट्टा, पेडल आणि एअरबॅगचं झाकण. ते झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावं लागतं. डॅशबोर्डला चकचकीत रंग नको, उन्हात काचेवर चमक येते आणि रस्ता दिसत नाही. वाफ डोक्यात चढते, आणि पेटतेही. जवळ चूल-गॅस नको. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफेचं फिल्टर असलेला मास्क लागतो.

एक गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. २०२०च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुराचं पाणी भंडारा शहरात शिरलं होतं. पाण्यात बुडालेली गाडीही आतून रंगवली की नवी दिसते. म्हणून ताज्या रंगावर भाळू नका. मॅट उचलून चिखल बघा, सीटच्या बोल्टवर गंज बघा, वास घ्या. आणि आपण विकत असू, तर रंगवलंय हे आपणच सांगावं.

आमची ओम्नी विकली नाही. कंपनीनं २०१९ला हे मॉडेल बंद केलं, त्यामुळे अशी दुसरी नवी मिळणार नाही. आता ती कडुनिंबाच्या सावलीत उभी असते, समोरच्या काचेला सनशेड लावून. रंग टिकवायला याहून स्वस्त उपाय नाही.

तुमच्या गाडीच्या रेक्झिनचा फोटो पाठवा. रंगवायचं की बदलायचं, ते पुढच्या भागात मिळून ठरवू.