समुद्राच्या पिकाची आणेवारी

शेतीच्या मासिकात मासळीचा विषय पाहून आमच्या काही वाचकांस नवल वाटेल. नांगराचा आणि जाळ्याचा संबंध काय, असेही कोणी पुसेल. परंतु माडाच्या बुंध्याशी मासळीचे खत घालण्याची कोकणातील चाल जुनी आहे. आणि देशावर कोंबड्या पाळणाऱ्यांच्या खाद्यात मासळीची भुकटी पडते. ही भुकटी पुष्कळदा अशा पिलांची असते, की जी आणखी काही महिने पाण्यात राहती तर माणसाच्या ताटात आली असती. तेव्हा हा प्रश्न निव्वळ कोळी बांधवांचा आहे, असे म्हणून आपणास सुटता येणार नाही.

या विषयाचा शास्त्रीय हिशेब केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ठेवते. तिची स्थापना ३ फेब्रुवारी १९४७ रोजी शेतकी खात्याच्या छत्राखाली झाली. १९६७ साली ती भारतीय कृषी संशोधन परिषदेत समाविष्ट झाली. तिचे मुख्य ठाणे कोची येथे असून मुंबईसही एक केंद्र आहे.

शेतातील पीक डोळ्यांस दिसते. बांधावरून अजमास तरी करता येतो. समुद्रातील पीक जाळ्यात येईपर्यंत कोणासच दिसत नाही. मग त्याची आणेवारी करावी कशी? देशाच्या किनाऱ्यावरील प्रत्येक बंदरी रोज माणूस बसविणे तर शक्य नाही. म्हणून संस्थेने किनाऱ्याचे विभाग पाडले, महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग केले आणि त्यांतून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दिवस व बंदरे निवडण्याची पद्धत बसविली. निवडलेल्या दिवशी संस्थेचा माणूस धक्क्यावर हजर राहतो. नौका पंधरांहून अधिक नसतील तर सर्वांची मासळी नोंदावयाची, अधिक असतील तर ठरलेल्या प्रमाणात काहींची. रात्री लागलेल्या नौकांची चौकशी सकाळी करावयाची. यावरून साऱ्या किनाऱ्याचा आकडा निघतो. आपल्या पीक-कापणी प्रयोगाचीच ही सख्खी बहीण होय. त्या प्रयोगास शास्त्रशुद्ध रूप देणारे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, हे आमच्या वाचकांस सांगण्यात आम्हास अभिमान वाटतो.

केवळ वजन मोजून मात्र भागत नाही. मासळीची लांबी मोजतात, पोट चिरून अंडी धरली आहेत की नाहीत हे पाहतात. त्यावरून कोणत्या लांबीस ती जात प्रथम प्रजोत्पादन करते, ते ठरते. येथेच खरे मर्म आहे. मासळीचे वजन साधारणतः लांबीच्या घनाप्रमाणे वाढते; लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट. जो पिलू धरतो तो पसाभर भुकटीसाठी पायलीचे धान्य गमावतो, शिवाय पुढील सालचे बियाणेही खातो.

तारलीचे उदाहरण पाहा. केरळात २०१२ साली सुमारे ४ लक्ष टन तारली निघाली. २०२१ साली निघाली अवघी ३,२९७ टन! सारा दोष जाळ्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. समुद्राची उष्णता आणि पावसाचे मान यांवर तारलीचा चारा अवलंबून असतो, आणि तिची आवक पूर्वीही अशीच चढत-उतरत आली आहे. २०२३ साली ती पुन्हा लक्षाच्या वर गेली. पण अवर्षणाच्या साली ज्याच्या कणगीत बियाणे उरले, तोच पुढे सावरतो, हे आपणास ठाऊक आहे.

संस्थेच्या सल्ल्यावरून केरळ सरकारने २०१५ साली धरावयाच्या मासळीस किमान लांबी लावून दिली. तारलीस १० सेंटिमीटर, बांगड्यास १४. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींस असाच नियम लावला. नियम चांगला, परंतु आमच्या मते एकटा अपुरा. धक्क्यावर पट्टी लावून मोजले तरी पिलू तोवर मेलेलेच असते. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मोठा व चौकोनी असेल तरच ते पाण्यात निसटते. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसताच मिटतो. मोठ्या आसाने लहान मासळी सुटून त्या दिवसाची मिळकत घटते, आणि कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. शेजारची नौका बारीक आसाने ओढीत असता आपण का सोडावे, असे नाखवा विचारतो. त्यास निव्वळ उपदेशाने उत्तर मिळत नाही.

म्हणून संस्था जोडधंदेही शिकविते. समुद्रात तरंगते पिंजरे बांधून मासे वाढविणे, खाडीत दोरावर कालवांच्या जातीचे शिंपले पोसणे, हे त्यांतील होत. शिंपल्यांच्या कामात केरळातील स्त्रियांचे गट पुढे आले आहेत. कोचीजवळ नारक्कल येथे संस्थेचे कृषी विज्ञान केंद्र १९७६ सालापासून आहे. त्या मुलखात पोक्काळी नावाची खारी भातशेती आहे. पावसाळ्यात भात घ्यावयाचे आणि कापणीनंतर त्याच खाचरात भरतीचे पाणी घेऊन कोळंबी वाढवावयाची. कोळंबीची विष्ठा व भाताची कुजलेली धाटे एकमेकांच्या उपयोगी पडतात. आमच्या रायगड-रत्नागिरीकडील खारजमिनीच्या मालकांपैकी कोणी असा प्रयत्न केला असल्यास त्यांनी आपला अनुभव या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा. आम्ही तो आनंदाने छापू.