इस्त्रीने उमटविलेल्या छापाचे दोष व त्यांचे निवारण

वैतरणा नदी समुद्रास मिळते तेथे, तिच्या मुखाच्या उत्तर बाजूस, पालघर तालुक्यातील दातिवरे हे गाव आहे. अशा किनाऱ्यावरील गावात पावसाळ्याच्या दिवसांत बरणीतील मिठास पाणी सुटते, वह्यांची पाने मऊ पडतात आणि दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. हा ओलावा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु कार्यानुभवाच्या तासाला केलेल्या कापडी पिशवीवरील चित्र सुटून आले, तर त्याचे एक कारण हाच ओलावा असू शकेल, हे सहसा ध्यानात येत नाही. दोष बहुधा मुलाच्या हातावर ढकलला जातो. मूलही तो मुकाट्याने स्वीकारते आणि पुढच्या वेळी हात आखडता घेते. म्हणून छाप का बिघडतो, हे शिक्षकास नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे.

छाप कसा बसतो

इस्त्रीने उमटवावयाच्या छापासाठी बाजारात ट्रान्सफर कागद मिळतो. त्याच्या एका बाजूवर उष्णतेने वितळणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रव्याचा पातळ थर असतो. इंकजेट प्रिंटरने या थरावर चित्र छापतात. तो कागद कापडावर पालथा ठेवून वरून गरम इस्त्री दाबली की थर वितळतो, कापडाच्या धाग्यांत शिरतो आणि थंड झाल्यावर तेथेच घट्ट होतो. चित्र त्या थराबरोबर कापडावर येते. म्हणजे येथे शाई कापडास चिकटत नाही. शाईला धरून ठेवणारा थर चिकटतो. ही गोष्ट समजली की पुढील बहुतेक दोषांचा उलगडा होतो. थर धाग्यांत शिरण्यासाठी पुरेशी उष्णता, पुरेसा दाब, पुरेसा वेळ आणि मोकळे, कोरडे धागे, या चारही गोष्टी एकत्र याव्या लागतात. यांपैकी एक जरी उणी पडली तरी छाप कच्चा राहतो.

कापडाची पूर्वतयारी

शाळेत पिशव्यांसाठी बहुधा मांजरपाट वापरतात. मागावर ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावलेली असते, आणि कोऱ्या कापडात ती बरीच शिल्लक असते. वितळलेला थर मग धाग्याऐवजी खळीला चिकटतो. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि तिच्यासोबत चित्रही जाते. यास्तव कोरे कापड साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, चांगले खळबळून, उन्हात वाळवून मगच वापरावे. धुण्याने कापड आटते ते छापापूर्वीच आटलेले बरे. धुतल्यावर त्यास पुन्हा कांजी करू नये.

ओलाव्याचे म्हणाल तर सुती धागा दिसावयास कोरडा असला तरी सर्वसाधारण हवेतही त्यात त्याच्या वजनाच्या सुमारे ७ ते ८ टक्के पाणी असते. दमट हवेत ते याहून वाढते. इस्त्रीची उष्णता प्रथम हे पाणी उडविण्यात खर्च होते. शिवाय त्याची वाफ कापड व थर यांच्या मध्ये अडकून फोड येतात. उपाय अगदी सोपा आहे. कागद ठेवण्यापूर्वी त्या जागेवर नुसती गरम इस्त्री दहा-पंधरा सेकंद फिरवावी आणि लगेच छाप घ्यावा. ट्रान्सफर कागदही उघडा न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवावा. वाफेची इस्त्री असल्यास तिच्यात पाणी मुळीच घालू नये.

मुले घरून जुन्या कपड्यांचे तुकडे आणतात, त्यांची परीक्षा आधी करावी. सुती कापड तीव्र उष्णता सहन करते. टेरिकॉटमध्ये पॉलिएस्टर असल्याने ते अधिक उष्णतेने चकाकते व आकसते. नायलॉन तर इस्त्रीलाच चिकटते. कपड्याच्या आतील पट्टीवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे इस्त्रीच्या तळाचे तापमान जास्तीत जास्त ११० अंश सेल्सियस, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंश. पुष्कळशा ट्रान्सफर कागदांना १६० ते १९० अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणून तीन ठिपक्यांचे सुती कापडच या कामास निर्धोक समजावे.

इस्त्री, दाब आणि वेळ

विजेच्या इस्त्रीचा दिवा विझला की ती तापली असे मानतात. पण तिच्यातील उष्णता-नियंत्रक एका ठराविक मर्यादेत कमी-अधिक होत राहतो. म्हणून दिवा एक-दोनदा लागून विझेपर्यंत थांबावे. खेड्यांत विजेचा दाब पुष्कळदा उतरतो. २३० व्होल्टवर १००० वॉट देणारी इस्त्री १८० व्होल्टवर केवळ सुमारे ६१० वॉट देते, कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अशा वेळी इस्त्री तापावयास फार वेळ लागतो, आणि थंड कापडावर टेकविताच ती निवते व लवकर सावरत नाही. दोन छापांमध्ये तिला विसावा द्यावा. कोळशाच्या इस्त्रीला तर नियंत्रकच नसतो. तिची उष्णता पांढऱ्या सुती चिंधीवर पाहावी; चिंधी पिवळी पडली तर इस्त्री प्रमाणाबाहेर तापली आहे. राख उडू नये म्हणून इस्त्री फुंकण्याचे काम कागदापासून दूर करावे.

दाबासाठी जागा कठीण हवी. घडी केलेले जाड कांबळे दाब शोषून घेते. सपाट लाकडी फळीवर सुती चादरीची एकच घडी पुरे. पिशवीची शिवण, खिसा किंवा काठ कागदाखाली आल्यास ती जागा उंचावते व तिच्या शेजारी इस्त्री टेकत नाही. म्हणून शक्य तेथे छाप आधी घ्यावा आणि पिशवी नंतर शिवावी. इस्त्रीच्या तळाला वाफेची छिद्रे असल्यास त्यांच्याखाली उष्णता पोचत नाही. इस्त्री मधून मधून बोटभर सरकवावी. मात्र कपड्यांना करतो तशी ती घासत नेऊ नये, नाहीतर कागद हलून चित्र दुहेरी उमटते.

कागदाच्या वेष्टनावर वेळ दिलेली असते. ती संपूर्ण कागदाची आहे की इस्त्रीच्या प्रत्येक जागेची, हे प्रथम वाचावे. ए-४ आकाराचा कागद २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर लांब असतो. इस्त्रीचा तळ त्याहून पुष्कळ लहान असल्याने कागदाच्या चार-पाच जागा कराव्या लागतात आणि प्रत्येक जागेस पुरी वेळ द्यावी लागते. कडा व कोपरे शेवटी पुन्हा एकदा दाबावेत, कारण छाप प्रथम तेथूनच सुटतो.

दोष ओळखावा कसा

छाप बिघडला की कापड व सोललेला कागद दोन्ही जपून ठेवावेत. काय चुकले याची साक्ष तेच देतात.

सोललेल्या कागदावर सर्व थर तसाच राहिला असेल तर उष्णता किंवा वेळ कमी पडली. थर ठिकठिकाणी डागांसारखा राहिला असेल तर दाब सारखा नव्हता. केवळ कडांना राहिला असेल तर कडा दाबावयाच्या राहून गेल्या. सोलताना चित्र उचलू लागल्यास ओढाताण न करता कागद होता तसा बसवावा व त्या जागी पुन्हा इस्त्री धरावी. काही कागद गरम असताना, तर काही पूर्ण थंड झाल्यावर सोलावयाचे असतात. वेष्टनावरील सूचनेप्रमाणे करावे.

छाप प्रथम उत्तम बसला आणि पहिल्या धुण्यात पापुद्र्यासारखा निघाला, तर खळीचा किंवा कापडाच्या जातीचा संशय घ्यावा. पांढरा भाग पिवळा पडला तर उष्णता अधिक झाली. चित्रास चिरा पडल्या तर बहुधा कापड ताणले गेले किंवा थर जळून कडक झाला. रंग पसरले असतील तर छपाईची शाई वाळण्यापूर्वीच इस्त्री केली, अथवा कापड ओले होते.

अक्षरे उलटी येणे हा सर्वांत दुःखदायक दोष होय, कारण तो दुरुस्त होत नाही. फिकट कापडाच्या कागदावर चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे छापावे लागते. मुलाचे नाव असल्यास छापलेला कागद आरशासमोर धरावा. आरशात नाव सरळ वाचता आले तरच इस्त्री उचलावी. गडद कापडाच्या कागदावर मात्र चित्र सरळच छापतात आणि पाठीचा कागद सोलून ते उताणे ठेवतात.

आणखी एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. झेरॉक्सच्या दुकानात बहुधा लेझर यंत्र असते. त्यात शाईची पूड उष्णतेने कागदावर बसवितात. इंकजेटसाठी केलेला ट्रान्सफर कागद त्या यंत्रात घातल्यास त्याचा थर आतच वितळून यंत्र बिघडू शकते. दुकानदारास कागदाचा प्रकार आधी सांगावा.

वारली चित्रांचा प्रश्न

पालघर जिल्ह्यातील शाळांत पिशव्यांवर वारली चित्रे काढण्याची हौस स्वाभाविक आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी काढली जाणारी ही कला डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. या चित्रांत शिक्षकांची हमखास फसगत होते ती पांढऱ्या रंगाने. साध्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. तो पांढरी जागा कोरी सोडतो. म्हणून पांढऱ्या आकृती तांबड्या कापडावर छापावयास गेल्यास फिकट कापडाच्या कागदातून काहीच दिसत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पांढऱ्या कापडावर गेरूरंगाची जमीन छापून आकृती कोऱ्या सोडाव्यात, म्हणजे कापडाचाच पांढरेपणा त्यांत दिसतो. किंवा तांबड्या कापडावर पांढऱ्या व्हिनाइलचे कापलेले आकार इस्त्रीने बसवावेत. त्यातही बारीक हातपाय सुटण्याचा संभव असल्याने आकृती थोड्या मोठ्या घ्याव्यात. लग्नचौक हे विवाहविधीचे चित्र आहे. ते पायपुसण्यासारख्या वस्तूवर घेऊ नये. वर्गात वारली मुले असल्यास कोणते चित्र कोठे शोभेल, हे त्यांच्या घरी विचारून ठरवावे. तोही शिक्षणाचाच भाग आहे.

वर्गातील प्रयोग

प्रत्यक्ष पिशवीस हात घालण्यापूर्वी कागदाच्या वाया जाणाऱ्या कडांचे तीन सेंटिमीटरचे चौकोन कापावेत व मांजरपाटाच्या एकाच तुकड्यावर ओळीने बसवावेत. इस्त्रीची खूण तीच ठेवून पहिल्यास १०, दुसऱ्यास २० व तिसऱ्यास ३० सेकंद द्यावेत. मग दुसऱ्या ओळीत वेळ एकच ठेवून न धुतलेले, धुतलेले आणि धुऊन इस्त्रीने सुकविलेले, असे तीन तुकडे घ्यावेत. एका दिवसाने सर्व तुकडे धुवावेत आणि काय टिकले ते मुलांनी वहीत लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम मोडू नये; दोन बदलल्या तर गुण कोणाचा हे कळत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातील प्रयोगाचा अर्थ मुलांना येथे चिंधीच्या तुकड्यावर दिसतो.

चित्र, मोजमाप, वेळ पाहणे व नोंद ही कामे मुलांची. इस्त्री मात्र शिक्षकाच्याच हाती असावी. तिची दोर वाटेत लोंबू देऊ नये. कोणास चटका बसल्यास ती जागा तत्काळ वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावी. बर्फ, तूप किंवा दंतमंजन लावू नये. फोड आल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

तयार छाप एक दिवस धुऊ नये. नंतर पिशवी उलटी करून थंड पाण्यात हाताने चुबकावी. दगडावर आपटू नये, ब्रशाने घासू नये. छापावर थेट इस्त्री फिरवू नये.

जेथे प्रिंटर नाही तेथे हा विषय सोडून देण्याचे कारण नाही. भरतकामासाठी पूर्वापार चालत आलेला टोचलेला कागद आजही उपयोगी पडतो. पातळ कागदावर चित्र काढून रेषांवर सुईने जवळ जवळ भोके पाडावीत, कागद कापडावर ठेवून निळीची कोरडी पूड कापसाच्या बोळ्याने फिरवावी आणि उमटलेल्या ठिपक्यांवर टाका घालावा किंवा कापडाचा रंग भरावा.

पिशवी पुन्हा करता येते, कागदही पुन्हा आणता येतो. परंतु बिघडलेली वस्तू हाती घेऊन ‘तुला जमत नाही’ असे म्हटले गेले, तर ते मुलाच्या मनावर कायमचे उमटते. त्याऐवजी ‘कापड कोरडे होते का, ते पाहू’ असे म्हणणारा शिक्षक त्याला कारण शोधावयास शिकवितो. इस्त्रीच्या या लहानशा कामाचे खरे फळ तेच होय.