बायोचिप : जेवढं विचारलं, तेवढंच सांगते

गैरसमज : बायोचिप म्हणजे शरीरात बसवून माणसावर पाळत ठेवणारी चिप.

पाळीव कुत्र्यांच्या कातडीखाली ओळखीसाठी घालतात, ती रेडिओ लहरींवर चालणारी चिप वेगळी. रोगनिदानाची बायोचिप प्रयोगशाळेच्या टेबलावरच राहते. तिच्या एका प्रकारात काचेच्या पट्टीवर डीएनएचे ठरावीक तुकडे ओळीने बसवलेले असतात. चमकणारा रंग लावलेला नमुना त्यावर सोडला, की जोडीचे तुकडे एकमेकांना धरतात आणि तेवढेच ठिपके उजळतात. १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी या पद्धतीने अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपाची ४५ जनुकं एकाच वेळी तपासली होती.

गैरसमज : रक्ताचा थेंब टाकला की सगळे आजार कळतात.

नाही. ज्याचा तुकडा चिपवर नाही, ते तिला दिसत नाही. स्तनाच्या कर्करोगातली मॅमाप्रिंट चाचणी गाठीतल्या ७० जनुकांची सक्रियता पाहते आणि रोग पुन्हा पसरण्याचा धोका किती, ते सांगते. केमोथेरपी द्यावी की टाळावी, हे ठरवायला त्याची मदत होते. निरोगी बाईला पुढे कर्करोग होईल का, हे मात्र ती सांगत नाही. थेंबभर रक्तात शेकडो चाचण्यांचं आश्वासन देणाऱ्या अमेरिकेतल्या थेरानोस कंपनीच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या.

गैरसमज : हे सारं परदेशातल्या बड्या प्रयोगशाळांपुरतं आहे.

हा समज तर आपल्या शेजारीच खोटा ठरलेला आहे. क्षयरोगाची ‘ट्रूनॅट’ चाचणी बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जने विकसित केली आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीने बाजारात आणली. थुंकीतून डीएनए वेगळा काढायचा, चिपवरच्या इवल्या खळग्यात तो टाकायचा. यंत्र तो तापवून-थंड करून त्याच्या प्रती वाढवतं. जंतू असतील तर ते साधारण तासाभरात कळतं. थुंकीतले जंतू वाढवून पाहण्याच्या जुन्या पद्धतीला कित्येक आठवडे लागतात आणि तोवर रोगी घरात, एसटीत, कामावर खोकत राहतो. शिवाय हे यंत्र बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज जाणाऱ्या तालुक्याच्या गावीही ते उपयोगी पडतं. मला या तंत्राचं खरं मोल इथेच दिसतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही या चाचणीची शिफारस केली.

इथेही पहिली चिप क्षयाचे जंतू आहेत की नाहीत, एवढंच सांगते. रिफॅम्पिसिन हे औषध त्यांच्यावर चालेल का, हे पाहायला दुसरी चिप लावावी लागते. म्हणून पहिला अहवाल मिळाल्यावर औषधाबद्दलची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या; राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.