हुमणातील मासा आणि मिनामाताचा धडा

गतवर्षी आमची थोरली कन्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्यासाठी बाजारातून मोरी आणावी, असे माझ्या मातोश्रींनी सुचविले. मोरीने बाळंतिणीच्या अंगावर दूध चांगले येते, ही आपल्या किनाऱ्यावरील जुनी समजूत. आईचा शब्द सहसा मी मोडीत नाही. परंतु त्या दिवशी पिशवीत बांगडे घेऊन परतलो. त्याला कारण मिनामाता.

मिनामाता हे जपानच्या क्यूशू बेटावरील मासेमारांचे गाव. तेथे आधी मांजरे झिंगल्यासारखी नाचून मरू लागली. मग माणसांचे हातपाय बधिर झाले, दृष्टी आकुंचित झाली, वाचा अडखळू लागली. चिस्सो कंपनीच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांच्या रुग्णालयातून १ मे १९५६ रोजी या अज्ञात व्याधीची वर्दी आरोग्यखात्यास गेली. त्याच कंपनीचा कारखाना १९३२ पासून सांडपाण्याबरोबर मिथिल पारा उपसागरात सोडीत होता. शासनाने हे कारण मान्य करावयास १९६८ साल उजाडले. सर्वांत हृदयद्रावक गोष्ट अशी, की ज्या मातांना स्वतःस फारसा त्रास नव्हता, त्यांच्याही पोटी मेंदूस कायमची इजा झालेली बालके जन्मली. कारण हा पारा वारेतून थेट गर्भापर्यंत पोहोचतो.

आपल्याकडे तशी विपत्ती ओढवलेली नाही. तथापि दगडी कोळशाच्या धुरातून व सोन्याच्या खाणकामातून निघणारा पारा जगातील सर्वच समुद्रांत उतरतो. सूक्ष्म जीवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. लहान मासा तो अल्प प्रमाणात घेतो. असे अनेक मासे खाऊन मोठा मासा त्याचा साठा करतो. मोरी दीर्घायुषी व शिकारी, म्हणून तिच्यात तो अधिक. हा पारा मांसातील प्रथिनांस चिकटलेला असल्याने धुण्याने, तळण्याने वा आमसुलाने जात नाही.

हे सारे मी आईला सांगितले. ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे मोठ्याने लहानांना गिळायचे, आणि फेडायचे मात्र पोटातल्या बाळाने!" याहून नेमके विवेचन मला वर्गातही कधी साधले नसते.

म्हणून भिऊन नुस्ते सोडण्याचे कारण नाही. माशांतील स्निग्धांश बाळाच्या मेंदूस पोषकच आहे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुले यांनी मोरी टाळावी. बांगडा, तारली, मांदेली निवडावी. तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळून अन्न घेतात, त्यामुळे कॅडमियम व शिसे त्यांच्यात साठते. बंदराजवळील वा सांडपाण्याच्या तोंडाशी काढलेली घेऊ नयेत. कुर्लीच्या कवचातील तपकिरी गाभ्यातही कॅडमियम अधिक असते, तो बेताने खावा.

त्या दिवशी आईने स्वतः बांगड्याचे हुमण केले, तिरफळे घालून. नातीने दोनदा भात मागून घेतला.