विश्लेषण : ‘भारतीय वंशाचे न्यायाधीश’ या मथळ्यातून काय निसटते?

अमेरिकेतील मोठ्या पदासाठी भारतीय वंशाच्या व्यक्तीचे नाव पुढे आले, की आपल्याकडे त्याची ठळक बातमी होते. वॉशिंग्टनच्या फेडरल अपील न्यायालयातील न्यायाधीश श्रीकांत ऊर्फ ‘श्री’ श्रीनिवासन यांच्याबाबत हे वारंवार घडले. पण वंशावरून न्यायाधीशाबद्दल नेमके किती कळते?

कोण आहेत श्रीनिवासन?

जन्म १९६७ मध्ये चंडीगडचा, कुटुंब मूळचे तमिळनाडूतील. वडील कॅन्सस विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. स्टॅनफर्डमधून कायदा आणि व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन त्यांनी सरकारी आणि खासगी, दोन्ही बाजूंनी वकिली केली. दाभोळमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या एन्रॉनचे माजी प्रमुख जेफ्री स्किलिंग यांची बाजू २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांनीच मांडली. बराक ओबामा यांनी केलेल्या त्यांच्या नियुक्तीला मे २०१३ मध्ये सिनेटने ९७-० अशी मंजुरी दिली. फेडरल अपील न्यायालयात पोहोचलेले ते दक्षिण आशियाई वंशाचे पहिले न्यायाधीश.

हे न्यायालय महत्त्वाचे का?

दूरसंचार, पर्यावरण, ऊर्जा अशा क्षेत्रांतील केंद्रीय यंत्रणांच्या निर्णयांना येथे आव्हान दिले जाते. सर्वोच्च न्यायालय मोजकीच प्रकरणे सुनावणीस घेत असल्याने येथील निकाल बहुधा अंतिम ठरतो. जून २०१६ मध्ये ‘नेट न्यूट्रॅलिटी’चे नियम वैध ठरवणारा निकाल श्रीनिवासन आणि डेव्हिड टेटल यांनी संयुक्तपणे लिहिला. त्याच वर्षी भारतातही ‘ट्राय’ने डेटाच्या भेदभावी दरांवर बंदी घातली होती.

मुख्य न्यायाधीशपद कसे मिळाले?

फेब्रुवारी २०२० मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले. पण ही बढती नव्हती. ६५ वर्षांखालील सर्वांत ज्येष्ठ कार्यरत न्यायाधीशाकडे हे पद कमाल सात वर्षांसाठी आपोआप येते. अध्यक्ष वा सिनेटचा त्यात संबंध नसतो.

माध्यमांचा भर कशावर होता?

फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अँटोनिन स्कालिया यांचे निधन झाले. संभाव्य नावांत श्रीनिवासन यांचे नाव येताच भारतीय माध्यमांत त्यांचे मूळ आणि भगवद्गीतेवर हात ठेवून घेतलेली शपथ यांची चर्चा रंगली. अमेरिकेत मात्र सिनेटमधील गणित आणि एक्झॉनसारख्या बड्या कंपन्यांसाठी त्यांनी केलेली वकिली हे चर्चेचे विषय होते. मार्चमध्ये ओबामांनी मेरिक गारलँड यांना निवडले.

वंशावरून निकालाचा अंदाज येतो का?

उत्तर याच न्यायालयात आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी नेमलेल्या निओमी राव या भारतीय पारशी दाम्पत्याच्या कन्या. ट्रम्प यांचे माजी सल्लागार मायकेल फ्लिन यांच्यावरील खटला रद्द करण्याचा आदेश राव यांनी जून २०२० मध्ये बहुमताच्या वतीने लिहिला; ऑगस्टमध्ये पूर्ण पीठाने तो ८-२ असा फिरवला. श्रीनिवासन बहुमतात होते, राव अल्पमतात. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र ‘टिकटॉक’विषयीचा कायदा वैध ठरवणाऱ्या तीन सदस्यांच्या पीठात दोघांचे एकमत झाले, तरी श्रीनिवासन यांनी आपली कारणे वेगळी नोंदवली.

म्हणूनच पुढच्या वेळी असे नाव चर्चेत आले, तर तीन गोष्टी पाहाव्यात : नियुक्ती कोणी केली, कोणते निकाल लिहिले आणि सहकाऱ्यांशी मतभेद कुठे झाले. नागरिकांच्या हक्कांवर परिणाम होतो तो या तपशिलांचा.