वैद्यकीय शिक्षणात वादसभेचे स्थान

चांगला वैद्य केवळ पाठांतराने घडत नाही. पुरावा पारखण्याची सवय त्याला लागावी लागते. ही सवय लावण्याचे एक साधन म्हणजे वर्गातील वादसभा. वैद्यांनी परस्परांशी चर्चा कशी करावी, याचे नियम चरकसंहितेच्या विमानस्थानातही सांगितलेले आहेत.

अशा वादसभेसाठी हैदराबादच्या इतिहासात एक उत्तम विषय आढळतो. शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देताना रोग्याच्या नाडीवर लक्ष ठेवावे की श्वासावर? तेथील वैद्यकीय शाळेचे (आजचे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय) प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या मते प्रथम श्वास थांबतो, हृदय त्यानंतर. म्हणून श्वासच पाहावा. निजामांच्या आश्रयाने १८८८ व १८८९ मध्ये नेमलेल्या दोन आयोगांनी प्राण्यांवर प्रयोग करून या मताला पुष्टी दिली. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले होते. तथापि, भूल हलकी असतानाही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे १९११ मध्ये डॉ. लेव्ही यांनी प्रयोगांती दाखविले. आज भूल देताना नाडी व श्वास या दोहोंवर लक्ष ठेवले जाते.

हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या दोन गटांपुढे मांडावा. बाजू शिक्षकांनी नेमून द्यावी व अर्ध्या वेळानंतर ती बदलावी. गुण वक्तृत्वाला नव्हे, तर पुराव्याला द्यावेत. शेवटी शिक्षकांनी निष्कर्ष स्पष्ट करावा. अन्यथा जोरदार भाषणामुळे चुकीचा पक्षच मनात ठसण्याचा धोका राहतो.

खेड्यातील दवाखान्यात डॉक्टरला पुष्कळदा एकट्यानेच निर्णय घ्यावा लागतो. स्वतःच्या मताविरुद्धचा पुरावा विचारात घेण्याची सवय त्याला वर्गातच लागली, तर तिचा लाभ अखेर रोग्यालाच होतो.