शब्द मागे घेतलेला माणूस

घूमजाव, कोलांटउडी, माघार, शेपूट घालणं, नमतं घेणं. नेत्याने मत बदललं की मराठीत आपल्या हाताशी एवढे शब्द तयार असतात. ‘चुकलो’ म्हणणाऱ्याचं मोल करणारा एखादा शब्द मात्र पटकन आठवत नाही. चूक कबूल करणाऱ्याचं आपण काय करतो, हे बघायचं तर पुण्यातलं एक जुनं, बोचणारं प्रकरण पुन्हा उघडायला हवं.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड. गोरे सोजीर घराघरांत शिरत, रुग्ण हुडकत, सामान रस्त्यावर काढत, थेट देवघरापर्यंत जात. फर्ग्युसनचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. नुकतीच एकतिशी गाठलेली. पुण्याहून त्यांना ओळखीच्यांची पत्रं येत. सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने जीव दिला, असं त्या पत्रांत होतं. गोखल्यांनी हे ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितलं. प्रकरण पार्लमेंटापर्यंत गेलं. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला.

जुलैअखेर त्यांची बोट मुंबईला लागली, तेव्हा पोलीस कमिशनर व्हिन्सेंट चौकशीसाठी बोटीवरच आले. त्याआधी २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. २७ जुलैला टिळकांना अटक झाली होती आणि पुण्यातले सरदार नातू बंधू विनाचौकशी कैदेत होते. सगळं पुणं धास्तावलेलं. अशा दिवसांत पत्रात लिहिलेलं शाबित करायला कोण पुढे येणार? कुणीही आलं नाही.

पत्रलेखकांची नावं सरकारला सांगितली असती, तर गोखल्यांवरचा भार हलका झाला असता. त्यांनी एकही नाव सांगितलं नाही. न्यायमूर्ती रानड्यांचा सल्ला घेतला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेग कमिटी आणि सैनिक या सगळ्यांची बिनशर्त माफी जाहीरपणे मागितली.

इथे मला गोखल्यांशी थोडं भांडायचं आहे. शहानिशा न करता एवढा गंभीर आरोप वर्तमानपत्रात केला, ही त्यांची चूक, आणि ती त्यांनी मान्य करायलाच हवी होती. पण पुरावा उभा राहिला नाही म्हणजे पुणेकरांचा छळ झालाच नाही, असं होत नाही. घरझडत्यांचा जाच सगळ्या शहराने सोसला होता. सैनिकांची सरसकट माफी मागताना गोखल्यांनी आपल्या चुकीबरोबर शहराची खरी तक्रारही सोडून दिली. माफी मागणाऱ्याला हे भान हवं की आपलं चुकलं तेवढंच मागे घ्यायचं, बाकीचं धरून ठेवायचं. लोकांनी तेव्हा त्यांना भित्रा म्हटलं. सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाल्यावर त्यांच्याशी होणारी तुलना आणखीच जिव्हारी लागली असणार. डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथेही त्यांची उपेक्षाच झाली.

तरी गोखले संपले नाहीत. इंग्लंडहून परतल्यावर ते पुण्यात प्लेगच्या कामाला भिडले. १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळात निवडून आले, १९०५ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज काढला. पुढे गांधींनी ज्यांना राजकीय गुरू मानलं ते हेच गोखले. स्वतः गांधींनीही १९१९ मध्ये लोकांची तयारी नसताना सत्याग्रह सुरू केल्याची चूक हिमालयाएवढी असल्याचं जाहीरपणे कबूल केलं.

अलीकडची दोन उदाहरणं ‘चुकलं तेवढंच, पण स्पष्टपणे मागे घ्यायचं’ या कसोटीला लावून बघू. एप्रिल २०१३ मध्ये राज्यात भीषण दुष्काळ होता आणि उजनीच्या पाण्यासाठी आझाद मैदानावर उपोषण चाललं होतं. तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार, धरणात पाणीच नाही तर काय लघवी करायची, असं जे बोलले, त्याची त्यांनी माफी मागितली. कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असं त्यांनी म्हटलं. कबुलीत पळवाट नव्हती, हे मानलंच पाहिजे. पण माफी झाली ती शब्दांची, आणि उपोषण होतं पाण्यासाठी.

२०२५ मध्ये याच्या उलट झालं. पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा १६ एप्रिलचा शासन निर्णय आला. १७ जूनला ‘अनिवार्य’च्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आलं. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. हा बदल योग्यच होता. लहान मुलांवर तिसऱ्या भाषेचं ओझं टाकायचं का, हा प्रश्न आधी अभ्यासायचा असतो. मात्र त्या दिवशी मुख्यमंत्री फडणवीस यांनी बोट दाखवलं ते आधीच्या ठाकरे सरकारकडे. निर्णय मागे घेतला, पण आपलं चुकलं असं म्हटलं नाही. पाच जुलैला वरळीत हिंदीसक्तीच्या विरोधकांचा विजयी मेळावा झाला. एकीकडे कबुली नाही आणि दुसरीकडे शरणागतीचा जल्लोष, यात पालकांना आणि शिक्षकांना हवं असलेलं साधं उत्तर राहूनच गेलं: निर्णय कशाच्या आधारावर घेतला होता आणि त्यात नेमकं काय चुकलं?

गोखले १९ फेब्रुवारी १९१५ला पुण्यात वारले. टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरून अंत्यसंस्काराला आले. उभ्या आयुष्यात ज्यांच्याशी मतभेद राहिले, त्यांच्या चितेपाशी उभं राहून टिळक लोकांना म्हणाले, की यांचं आयुष्य डोळ्यांपुढे ठेवा. माफीपत्राला तोवर सतरा वर्षं उलटून गेली होती.